मीनलच्या चुंबकातला खळगा

सोमवार, ८ जानेवारी २००७

आज इतका राग आला की डबा तसाच परत आणला. बायकोने, मीनाक्षीने, विचारलं, "भाजी बिघडली होती का?" म्हटलं, भाजी नाही, माणसं बिघडलीत. ती हसली. ह्या घरात माझ्या रागाला हसणंच मिळतं, म्हणून इथे लिहितो.

आमची कंपनी लहान. लेस्टरच्या बाहेर इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक युनिट. आम्ही हॉस्पिटलांसाठी छोटे चुंबक बनवतो, हात किंवा गुडघा आत घालून स्कॅन काढण्यापुरते. पिंपाएवढा गोल चुंबक आणि मध्ये पोकळी. त्या पोकळीत चुंबकाचं बळ सगळीकडे सारखं हवं. कुठे कमीजास्त झालं तर चित्र वेडंवाकडं येतं आणि डॉक्टरला नसलेलं दुखणं दिसतं. ते बळ मोजणं हे माझं काम.

मोजायची पट्टी मीच उभी केली. अर्धगोल पट्टी, तिच्यावर तांदळाच्या कणीएवढे अर्धवाहकाचे तुकडे ओळीने बसवलेले. त्यांना हॉल सेन्सर म्हणतात. तुकड्यातून बारीक वीज सोडायची. चुंबकाचं बळ आडवं आलं की तुकड्याच्या दोन कडांमध्ये किंचित व्होल्टेज उमटतं, ते मोजलं की बळ कळतं. प्रत्येक तुकड्याचा स्वभाव निराळा, कुणाचा शून्य खाली, कुणाचा वर. मी एकेकाला ओळखतो. पट्टी दांड्यावर बसवायची, पोकळीत सरकवायची आणि घड्याळात बारा वाजतात त्या जागेपासून हँडलने थोडीथोडी फिरवत पूर्ण फेरी घालायची. लोखंड जवळून गेलं तरी आकडे हलतात, तेव्हा फोर्कलिफ्टची ये-जा सुरू व्हायच्या आत फेरी संपावी म्हणून मी सातच्या आधीच सुरुवात करतो. घाई होऊ नये म्हणून प्रत्येक थांब्यावर मनात दत्ताचं नाव घेतो, रीडिंग स्थिरावलं की हँडल पुढे. ह्या सवयीने माझं एकही मोजमाप कधी परत आलेलं नाही.

आज मीनलचा चुंबक मोजला. मीनल म्हणजे मोहनची मुलगी. मी ह्या देशात आलो तेव्हा मोहनने मला स्वतःच्या घरात ठेवून घेतलं होतं. मीनल तेव्हा प्रायमरीत. माझ्या पाठीवर बसून जिना चढायची. आता इंजिनियर होऊन आमच्याकडे प्रोबेशनवर आहे, आणि हा चुंबक पहिल्या ब्लॉकपासून तिने रचलेला. तिचा पहिलाच.

त्यात खळगा निघाला. घड्याळात चार वाजतात त्या जागी बळ कमी. थोडंसंच, पण आमच्या कामात थोडंसं म्हणजे पुष्कळ.

मी तिला शांतपणे सांगितलं. ती म्हणाली, "काका, पॉसिबल नाही. तिथला ब्लॉक मी ट्वाइस चेक केला."

"अगं, मोजून सांगतोय."

"हो, पण सेन्सर पण चुकतो ना कधी?"

सेन्सर पण चुकतो! नाकाचा शेंबूड पुसायचं वय मी ह्या मुलीचं पाहिलंय.

त्यात ती खोली. ख्रिसमसनंतर ग्रॅहमने हीटरला टायमर लावलाय. ग्रॅहम म्हणजे आमचा मॅनेजर. सात ते आठ हीटर, मग बंद. "एक तास पुरे आहे, रघु." सुरुवातीला बोटं वाकत नाहीत, मध्येच घाम येतो, शेवटी पुन्हा स्वेटर. पूर्वी हीटर दिवसभर असायचा. पैसे वाचवायला ह्यांना माझीच खोली सापडली.

मंगळवार, ९ जानेवारी

पुन्हा मोजला. तीच वेळ, तीच गती. खळगा त्याच जागी, तेवढाच खोल. फेरीचा पहिला आकडा आणि शेवटचा आकडाही जुळला. खोटं माणसाला दोनदा सारखं बोलता येत नाही. आता काय म्हणेल?

गुरुवार, ११ जानेवारी

उपास. तिसऱ्यांदा मोजला, तेच.

सकाळी गेलो तर पट्टीच्या स्टँडला कुणीतरी एक थर्मामीटर टेपने चिकटवून ठेवलेला. स्वयंपाकघरात असतो तसला स्वस्तातला. विचारलं तर मीनल म्हणाली, "मीच लावला काका. जस्ट टु सी."

"काय सी? मी सुरुवातीला तापमान घेतो. त्याप्रमाणे आकडे सुधारतो. ते कोष्टक तू शाळेत होतीस तेव्हा केलंय मी."

"सुरुवातीला घेता, पण नंतर..."

"मीनल, माझ्या टेबलाला न विचारता हात लावायचा नाही."

थर्मामीटर काढून तिच्या हातात दिला. तिने "सॉरी काका" म्हटलं आणि गेली. सॉरी म्हणताना डोळे खाली नव्हते. हल्लीच्या पोरांचं सॉरी म्हणजे दार लावल्याचा आवाज.

आमच्या गावी शाळेत गुरुजींनी फळ्यावर चुकीचा आकडा लिहिला तरी आम्ही आधी तो उतरवून घ्यायचो. मग घरी जाऊन विचार करायचो की आपलं कुठे चुकलं. त्यात आमचं काही बिघडलं नाही.

सोमवार, १५ जानेवारी

संक्रांत. मीनल डब्यातून तिळगूळ घेऊन आली. आईने केलेला. सगळ्या इंग्रजांना वाटला, शेवटी माझ्याकडे आली. "काका, तिळगूळ घ्या, गोड बोला." आणि वर हसून, "प्लीज, आज तरी!"

शेजारी ग्रॅहम उभा. त्याने अर्थ विचारला, तिने सांगितला. तो खो खो हसला. "रघुला डबाभर द्या!" मी तिळगूळ खाल्ला. चांगला झाला होता. पण हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती.

अकराला मीटिंग. ग्रॅहम, मी आणि मीनल. तिन्ही फेऱ्यांच्या आकड्यांवरून काढलेले बळाचे नकाशे मी टेबलावर मांडले. तीन नकाशे एकावर एक ठेवून उजेडात धरले तर एक वाटतील. ग्रॅहम म्हणाला, ह्याच्यापुढे काय बोलायचं? मीनलने आधी सिंगल प्रोबने, म्हणजे एकाच सुट्या सेन्सरने, घेतलेले आकडे काढले. त्यात खळगा नाही. मी म्हटलं, एका प्रोबने मोजणं म्हणजे एका डोळ्याने सुईत दोरा ओवणं. आणि ज्याने चुंबक बनवला त्याने तो मोजायचा नाही, हा इथला नियम आहे. नियम मीच घातलेला आहे आणि बरोबर आहे. आपलं लेकरू कुणाला काळं दिसत नाही.

मग ती माझ्याकडे वळून मराठीत बोलायला लागली. ग्रॅहमला कळू नये म्हणून असेल, किंवा मला बरं वाटावं म्हणून. "काका, एकच रिक्वेस्ट. एकदा उलटा फेरी करा ना. अँटीक्लॉकवाइज. कारण जर..."

"उलटी फेरी?"

"हो, कारण जर..."

"पट्टी उजवीकडे फिरते, मीनल. पहिल्या दिवसापासून उजवीकडेच फिरते. तुला उलटी फेरी कुठे घालतात ते ठाऊक आहे का? नाही ना? मग बोलू नकोस."

उलटी फेरी मी एकदाच घातलीय, खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन वडिलांच्या चितेला. ह्या पोरीला ते कुणी शिकवलं नाही, हा तिचा दोष नाही. पण मोठं माणूस बोलत असताना थांबावं, एवढं तर मोहनने शिकवायचं होतं.

ग्रॅहमने विचारलं, काय म्हणते ती? मी म्हटलं, काही विशेष नाही.

गुरुवार, १८ जानेवारी

उपास. ग्रॅहम म्हणाला, निर्णय घ्यायच्या आधी अजून एकदा मोज. मोजला.

सकाळी हीटर लागलाच नाही. फ्यूज उडाला होता. तीन तास कुडकुडत हँडल फिरवलं. नाव घेताना दात वाजत होते. आणि नकाशा आला तो सपाट. खळगा नाही, काही नाही, तळ्यासारखा. थंडीने सेन्सर बधिरले, दुसरं काय. अशा खोलीतलं मोजमाप धरता येत नाही. कागद फाडून टोपलीत टाकला आणि ग्रॅहमला सांगितलं, आजची फेरी बाद, परिस्थिती नीट नव्हती. त्याने मान हलवली.

दुपारी वारं असं सुटलं की समोरच्या युनिटचं छप्पर थडथडायला लागलं. सगळ्यांना लवकर घरी सोडलं. बसस्टॉपवर मीनल दिसली, सॅक पोटाशी धरून उभी. मी गाडी थांबवली. "चल, सोडतो."

"नको काका, बस येईल."

एवढ्या वाऱ्यात. एवढा कसला माज?

रविवार, २१ जानेवारी

मोहनचा फोन. हवापाण्याचं बोलला, त्याच्या गुडघ्याचं बोलला. मग म्हणाला, "रघुवीर, पोरगी जेवत नाही रे नीट. आल्यापासून खोलीत कागद घेऊन बसते. विचारलं तर म्हणते, मी कुठेतरी मिस्टेक केलीय, ते शोधतेय."

"शोधू दे. शोधल्याशिवाय शिकणार कशी?"

"तसं नाही. मी तुला काही कर म्हणत नाही. फक्त विचारतो, खरंच तिचंच चुकलंय ना?"

"म्हणजे मी खोटं मोजतो?"

"अरे बाबा, चिडतोस कशाला? तू म्हणतोस म्हणजे तसंच असणार. मी घरात तेच सांगितलं. म्हटलं, काकाने मोजलंय ना, मग विषय संपला."

फोन ठेवला. माझ्या बाजूने बोलणाऱ्या माणसावर मी एवढा का तापलो, कळलं नाही. मीनाक्षी म्हणाली, "तुमचं आजकाल काहीतरी बिनसलंय." म्हटलं, माझं काही बिनसलेलं नाही, मी मोजतो ते बरोबर असतं.

"मी मोजण्याबद्दल कुठे बोलले?" ती म्हणाली.

बुधवार, २४ जानेवारी

निर्णय झाला. चुंबक फोडायचा. ब्लॉक एकमेकांना रेझिनने चिकटवलेले असतात, त्यामुळे चुंबक खोलता येत नाही, फोडावाच लागतो. पुढच्या बुधवारी माणसं येतील. मीनलचं प्रोबेशन ह्याच महिन्यात संपतं, ते पुढे न्यायचं नाही असं ठरलं. शुक्रवार तिचा शेवटचा दिवस.

ग्रॅहमने तिला आत बोलावून सांगितलं. ती बाहेर आली, जागेवर गेली आणि तिचा मग धुऊन पुसून ठेवला. माझ्याकडे आली नाही.

मी काय वाईट केलं? जे दिसलं ते सांगितलं. मैत्रीखातर खोटा आकडा लिहिला असता तर देवाने मला माफ केलं असतं का? उद्या त्या चुंबकात कुणाच्या तरी पोराचा हात जाईल.

तरी राग जात नाही. आता तर तो कुणावर आहे तेही सांगता येत नाही.

शनिवार, २७ जानेवारी

मीनाक्षीने बळेच देवळात नेलं. बेलग्रेव्ह रोडच्या मागचं, गुजराती मंडळींचं देऊळ. दर्शन झालं. मी प्रदक्षिणेला वळलो तर डावीकडचा पट्टा दोरी बांधून बंद. नवीन कार्पेट घालत होते. एक सेवेकरी बाई खुर्चीवर बसून सगळ्यांना हात करत होत्या, "आज आ बाजूथी, भाई, आ बाजूथी." आज ह्या बाजूने, म्हणून लोक उजव्या अंगाने आत जाऊन मागून उलटे निघत होते, आणि कार्पेटवाल्यांच्या पाठीमागून कसेबसे बाहेर पडत होते.

मी थांबलो. म्हटलं, उलटी प्रदक्षिणा मी घालणार नाही. बाई म्हणाल्या, काम सुरू आहे, काय करणार? म्हटलं, मग देऊळ बंद ठेवा! आवाज चढला असावा, कारण लोक बघायला लागले.

मीनाक्षीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पदर सावरला, त्या बाजूने गेली, मागून फिरून आली आणि माझ्यासमोर उभी राहून देवाला हात जोडले.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तुला काही वाटलं नाही?"

"काय वाटायचंय? महादेवाला आपण अर्ध्यातून मागे फिरतोच की. तिथे कुणी रुसतं?"

"ती गोष्ट वेगळी."

"काय वेगळी? मी ह्या बाजूने गेले काय नि त्या बाजूने गेले काय, देव होता तिथेच होता. तो काय माझ्या पायांबरोबर फिरतोय?"

आणि मग ती पालेभाजी घ्यायला दुकानात शिरली.

मी फुटपाथवर उभा राहिलो. ती मेथीच्या जुड्या उलट्यासुलट्या करून बघत होती, दुकानदाराशी भाव करत होती, आणि मला घाम फुटला होता.

होता तिथेच होता. चुंबकात खळगा खरा असेल तर मी कुठूनही गेलो तरी तो चारच्या जागी राहील. आणि जर तो माझ्या पायांबरोबर फिरत असेल तर?

मीनल हेच सांगत होती. "कारण जर..." तिचं वाक्य मी दोनदा तोडलं.

रविवार, २८ जानेवारी

आज युनिट बंद. किल्ली ग्रॅहमकडे. दिवसभर घरात येरझाऱ्या. मीनाक्षीवर उगाच ओरडलो. एकदा मेथी कडू म्हणून, एकदा कडू नाही म्हणून.

सोमवार, २९ जानेवारी

नेहमीच्या वेळी गेलो. हीटर दुरुस्त झालाय. सगळं नेहमीसारखं केलं आणि हँडलला हात घातला. तो डावीकडे जाईना. हँडलला काही अडचण नव्हती, हाताला होती. मडकं खांद्यावर घेतल्यासारखं खांदा आखडला. दत्ताचं नाव घेतलं आणि ढकललं.

सात वाजता हीटर घुरघुरला. थांब्यामागून थांबा. प्रत्येक ठिकाणी नाव. आठला हीटर थांबला. फेरी पुरी झाली, पहिला आकडा आणि शेवटचा आकडा जुळला, नेहमीसारखाच.

नकाशा काढला. चारची जागा सपाट. खळगा आठच्या जागी.

चुंबक हलला नव्हता. खळगा माझ्याबरोबर दुसऱ्या बाजूने चालत आला होता.

खळगा चुंबकात नव्हताच. एक तास खोली तापत होती, पट्टीवरचे तुकडे तापून थोडं कमी सांगत होते, आणि मग खोली निवायची, ते पुन्हा खरं बोलायचे. मी रोज त्याच वेळी, त्याच गतीने, त्याच दिशेने जात होतो, म्हणून त्या तासात रोज त्याच जागी पोचत होतो. माझ्या नेमाने ती चूक तीन वेळा सारखी छापली. एखादा गबाळा माणूस असता, कधी उशिरा आला असता, मध्येच चहाला गेला असता, तर खळगा रोज वेगळीकडे निघाला असता आणि तो दुसऱ्याच दिवशी शहाणा झाला असता.

आणि गुरुवारचा कागद. तो सपाट नकाशा. तो खरा होता आणि तो मी फाडला.

देवावर रागावलो. म्हटलं, मी प्रत्येक थांब्यावर तुझं नाव घेत होतो, तू काय करत होतास? मग आठवलं की त्याने एकदा हीटर बंद पाडला होता. मला समोर सपाट नकाशा दिला होता. आणखी काय करायचं त्याने, टोपलीतून कागद काढून हातात द्यायचा?

मंगळवार, ३० जानेवारी

ग्रॅहमला दोन्ही नकाशे दाखवले. तो हुशार आहे, बघताक्षणी कळलं त्याला. खुर्चीत मागे टेकला. "बरं झालं, फोडायच्या आधी कळलं. उद्याची माणसं थांबवतो." मग म्हणाला, "रिपोर्टमध्ये लिही, सेन्सरमध्ये बिघाड आढळला, दुरुस्त करून पुन्हा मोजलं. चुंबक पास. झालं."

"सेन्सरमध्ये बिघाड नाही."

"रघु, तुझ्यासाठीच सांगतोय."

"सेन्सर तापला की कमी सांगतो, हा त्याचा स्वभाव आहे. तो त्याने लपवलेला नाही. मला सांगितलं होतं. एका मुलीनेही सांगितलं होतं. थर्मामीटर लावून सांगितलं. मी काढून टाकला. आणि अठरा तारखेला नकाशा बरोबर आला होता, तो मी फाडला."

"हे कशाला लिहायचं? कुणाला कळणार आहे?"

त्या क्षणी मला त्याचा असा संताप आला की टेबल उलटवावंसं वाटलं. तो माझी लाज झाकत होता आणि त्यासाठी त्या मुक्या तुकड्यांवर आळ घेत होता. पोरीवर घेतला तसाच. म्हटलं, "मी लिहिणार. सगळं. आणि मीनलला परत बोलवायचं."

"ती येईल का?"

"ते तिला विचार. मी आधी जाऊन येतो."

तो म्हणाला, "हीटर मी तुझ्यासाठीच लावला होता, रघु. बंदच ठेवायला सांगत होते वरून. मी म्हटलं, निदान एक तास तरी."

मला हे माहीत नव्हतं. त्याच्यावर रागवायची सोयही गेली.

बुधवार, ३१ जानेवारी

मोहनकडे गेलो. दार उघडताच, "ये, ये, रघुवीर! अगं, चहा टाक!" त्याला काही ठाऊक नव्हतं. मी उभ्यानेच सांगितलं. मीनल जिन्यात येऊन ऐकत होती. हळू बोलायचं नाही असं ठरवून आलो होतो, त्यामुळे सगळ्या घराला ऐकू गेलं.

मोहन म्हणाला, "अरे, होतं असं. माणूस आहे. बस तू. मीनल, काकांना..."

"बाबा, प्लीज. तुम्ही मध्ये नका बोलू." ती खाली आली. "मला काकांवर ओरडायचंय."

"मीनल!"

"ओरडू दे," मी म्हटलं.

ओरडायला सुरुवात केली खरी, पण आवाज फुटला तिचा. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. "तुम्हाला काय वाटतं, मला जॉबचा राग आहे? जॉब मिळेल मला. कॉव्हेंट्रीला इंटरव्ह्यू आहे. ते नाही काका. माझे फिगर्स बरोबर होते. मला माहीत होतं बरोबर होते. पण तुम्ही म्हणालात चूक, तर मी मानलं की चूक. दुसरं कोणी म्हणालं असतं ना, आय वुड हॅव फॉट. ग्रॅहमशी मी भांडले असते. तुमच्याशी नाही भांडले, कारण तुम्ही काका होतात. मी तीन वीक्स माझ्या बरोबर कामात माझी चूक शोधली. डू यू नो व्हॉट दॅट डझ?"

मोहनच्या बायकोने चहा आणून ठेवला, तो कुणी घेतला नाही.

"आणि तुम्हाला मी तेव्हाच सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही मला वाक्य पण पुरा करू दिला नाही."

"आता कर," मी म्हटलं.

"आता काय उपयोग? आता तुम्हाला माहीत आहे."

मोहन जमिनीकडे बघत होता. त्याने घरात काय सांगितलं होतं ते मला आठवलं. काकाने मोजलंय, विषय संपला. त्यालाही ते आठवलं असणार.

निघताना मी म्हटलं, ग्रॅहमचा फोन येईल. ती म्हणाली, "आला सकाळी. मी येणार आहे. चुंबकासाठी. तो माझा आहे."

गुरुवार, ८ फेब्रुवारी

उपास. रात्रीपासून बर्फ. रस्ते बंद, शाळा बंद, युनिटमध्ये चारपाच माणसं जेमतेम. मीनल चालत आली. गुडघ्यापर्यंत ओली.

आज चुंबक शेवटचा मोजायचा होता. हीटर सकाळपासून सलग चालू, खोली स्थिर झाल्यावरच सुरुवात. नियम मी बदललाय. बनवणारा आणि मोजणारा दोघांनी समोर राहायचं, आणि फेऱ्या दोन, दोन्ही दिशांनी. पट्टीवर आता चार थर्मामीटर आहेत. तिने बसवले. मला विचारून बसवले, पण विचारताना माझ्याकडे बघितलं नाही.

हँडल तिच्या हातात, आकडे माझ्यासमोर. तिने पहिली फेरी डावीकडून घातली. मुद्दाम असेल. ती नाव घेत नाही, घड्याळात बघते. थांब्यावर पुरेसं थांबत नाही असं मला वाटलं. जीभ दातांखाली धरली. आकडे स्थिर होते, मीच घाई करत होतो.

मग उजवीकडून. दोन्ही नकाशे आले. चार सपाट, आठ सपाट, सगळं सपाट. मी आजवर मोजलेल्यांत इतका चांगला चुंबक क्वचित पाहिला. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "थँक यू."

मग रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला, पेन ठेवलं, आणि इंग्रजीत म्हणाली, "रघुवीर, इथे तुझी सही लागेल."

ह्या देशात मला सगळे नावानेच हाक मारतात. ग्रॅहम मारतो, गेटवरचा वॉचमन मारतो. कधी काही वाटलं नाही. आज कानशिलं तापली. वाटलं म्हणावं, अगं, मी तुझा कोण? वाटलं मोहनला फोन करावा. वाटलं ओरडावं.

तिने पेनाचं टोपण काढून ठेवलं. खिडकीबाहेर कुणीतरी फावड्याने बर्फ सारत होतं.

मी सही केली. ती कागद घेऊन गेली. राग अजून आहे, हे लिहितानाही आहे. पण तिला परत काका म्हण असं सांगायचा मला आता हक्क नाही, आणि हा राग त्या गोष्टीचाच आहे, एवढं तरी आज बरोबर मोजता आलं.